लाल लिंक टर्मिनलात लाल दिसत नाही: एका छोट्या मराठी विकीचं प्रकरण

आधी सेटअप सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. आमचा ट्रेकवाल्यांचा एक छोटा ग्रुप आहे आणि आम्ही गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांच्या नोंदी ठेवतो. खांबटाकं आहे की उघडं, पाणी पिण्यालायक आहे का, साधारण कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, गाळ साचलाय का, उतरायला पायऱ्या आहेत का, असलं सगळं. शिवनेरीची गंगा-जमुना, सिंहगडाचं देवटाकं, हरिश्चंद्रगडाची पुष्करणी ही नावं सगळ्यांना पाठ असतात, पण एकेका गडावर बिननावाची टाकी इतकी निघतात की वहीत ठेवणं झेपेना, म्हणून स्वस्तातल्या भाड्याच्या सर्व्हरवर मीडियाविकी टाकला. विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो तोच हा.

विकीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे नसलेल्या पानाला लिंक देता येते. राजगडाच्या पानावर सुवेळा माचीवरच्या टाक्याचा उल्लेख आला की चौकोनी कंस टाकायचे आणि पुढे जायचं, पान नंतर कोणीतरी लिहील. तोपर्यंत ती लिंक लाल राहते. आमच्याकडे कामाची वेगळी यादी नाहीच, लाल लिंका हीच यादी.

आता यात अडचण अशी की ज्या माणसाला या यादीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच ती दिसत नव्हती. आमच्यातले एक काका रिटायर झाल्यापासून जवळजवळ प्रत्येक शनिवारी-रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असतात, निम्म्याहून जास्त नोंदी त्यांच्याच. ते आयुष्यभर युनिक्सच्या मशीनवर काम केलेले, त्यामुळे आजही जुन्या नेटबुकवर टर्मिनल (नुसत्या अक्षरांची, कमांड टाइप करायची खिडकी) उघडून एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, सर्व्हरवर जातात आणि तिथूनच लिंक्स (Lynx) नावाच्या ब्राउझरमध्ये विकी वाचतात. हा लिंक्स म्हणजे १९९२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात सुरू झालेला, चित्रं नाहीत, जावास्क्रिप्ट नाही, नुसता मजकूर. गावाकडच्या नेटवर्कवरसुद्धा पान पटकन येतं हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. पण त्यात सगळ्या लिंका एकाच रंगाच्या. त्यांना जायच्या आधी बघायचं असायचं की या गडावरच्या कुठल्या टाक्यांची पानं बाकी आहेत, तर एकेक लिंक उघडून बघावी लागायची, आणि नसलेलं पान असलं की रिकामा एडिट बॉक्स समोर यायचा, मग मागे, मग पुढची लिंक. शेवटी वैतागून ग्रुपवर लिहिलं की तुमच्या लाल-निळ्याचं मला काय कौतुक, मला शब्दात सांगा कुठलं पान नाही ते.

मी आधी म्हटलं काका फायरफॉक्स वापरा की. पण मग दुसरी एक मैत्रीण बोलली, तिला दिसत नाही, ती विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) वापरते. तिचं म्हणणं, टॅबने लिंकवर उडी मारली तर "पान अस्तित्वात नाही" असं काहीतरी कानावर पडतं, पण बाणाच्या कीने सलग वाचत गेलं तर सगळ्या लिंका सारख्याच ऐकू येतात. आणि वाचायचं म्हणजे तर सलगच वाचणार ना माणूस! म्हणजे हा एका काकांचा हट्ट नव्हता. तिसरे म्हणजे ज्यांना लाल रंग नीट दिसत नाही असे लोक. लाल-हिरवा न ओळखणाऱ्यांना लाल-निळा फरक बहुतेक वेळा कळतो असं आपण धरून चालतो, पण लालची ज्यांना कमी जाणीव असते त्यांना गडद लाल जवळजवळ काळा दिसतो, आणि मीडियाविकीत लिंकेखाली मुळात रेघ नसते, त्यामुळे त्यांच्यासाठी लाल लिंक ही लिंक म्हणूनच दिसत नाही, आजूबाजूच्या मजकुरात विरघळून जाते. वेब सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यात १.४.१ क्रमांकाला हेच आहे की माहिती फक्त रंगावर सोडू नका, आणि तो सगळ्यात खालच्या पायरीचा निकष आहे, म्हणजे निदान एवढं तरी करा या वर्गातला.

माहिती नेमकी कुठे असते

पानाचा सोर्स उघडून बघितला तर नसलेल्या पानाच्या लिंकेत तीन ठिकाणी खूण असते. एक म्हणजे तिचा क्लास, म्हणजे टॅगवरचं लेबल, त्याचं नाव "न्यू" (new), सीएसएस (पानाचं रंगरूप ठरवणारे नियम) त्यालाच लाल रंग देतं. दुसरं टायटल, त्यात पानाचं नाव आणि पुढे कंसात पान अस्तित्वात नाही असा मजकूर, माउस वर नेला की छोट्या चौकटीत दिसतो तो. तिसरा खुद्द पत्ता. असलेल्या पानाचा पत्ता साधा असतो, नसलेल्याचा इंडेक्स डॉट पीएचपी वरून जातो आणि शेवटी एडिटची सूचना आणि रेडलिंक=१ (redlink=1) असं शेपूट असतं. हे शेपूट मोठं कामाचं, मधल्या काळात कोणी ते पान बनवलं असेल तर जुन्या लिंकवरून गेलेल्या माणसाला एडिट बॉक्सऐवजी सरळ पानावर नेऊन सोडतं.

तिन्हीपैकी एकही खूण वाहत्या मजकुरात नाही. क्लास सीएसएसवाल्यांसाठी, टायटल माउसवाल्यांसाठी, पत्ता कोण वाचतंय. टर्मिनलात सीएसएस नाही आणि माउसही नाही, मग उरलं काय?

पूर्वी असं नव्हतं ही यातली गंमत. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ च्या मार्चमध्ये पहिला विकी चालू केला तेव्हा नसलेल्या पानाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह यायचं आणि ते प्रश्नचिन्हच लिंक असायचं, नाव साधं. विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला तो यूजमॉडविकी नावाच्या सॉफ्टवेअरवर, त्यातही प्रश्नचिन्हच. लाल रंग नंतर आला. मीडियाविकीत बरीच वर्षं लॉगिन केलेल्या सदस्याला पसंतीक्रमात पर्याय होता की मला लाल नको, प्रश्नचिन्ह दाखव, आणि नंतर सेटिंग कमी करायच्या मोहिमेत तो काढून टाकला. वापरणारे थोडेच होते म्हणा, पण जे होते त्यांना दुसरा मार्ग नव्हता. माझं स्पष्ट मत आहे की काढायचाच होता तर आधी खूण मजकुरात आणायची आणि मग काढायचा.

काकांच्या बाजूने काय करता येईल

सर्व्हरला हात न लावता काय जमतंय ते आधी बघितलं.

लिंक्समध्ये वापरकर्त्याची पातळी ॲडव्हान्स्ड ठेवली की खालच्या ओळीत चालू लिंकेचा पत्ता दिसत राहतो. बरोबरचं (=) चिन्ह दाबलं की लिंकेची सगळी माहिती, आणि कॅपिटल ए दाबलं की पानातल्या सगळ्या लिंकांचे पत्ते एका यादीत. डब्ल्यूथ्रीएम नावाचा जो जपानी ब्राउझर आहे त्यात यू दाबून पत्ता बघता येतो, आणि सेटिंगमध्ये लिंकेचा पत्ता आपोआप दाखव असंही सांगता येतं. मी काकांना म्हटलं, रेडलिंक असं शेवटी दिसलं की समजा पान नाही. त्यांनी करून बघितलं आणि म्हणाले, शेवट दिसतोय कुठे?

आणि खरंच दिसत नव्हता, कारण मराठी. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर (म्हणजे काना-मात्रा-वेलांटीसुद्धा वेगळी मोजायची) टक्क्याच्या चिन्हासकट नऊ खुणांचं होतं. मराठी विकिपीडियाचंच उदाहरण घ्या, नसलेल्या पानाच्या पत्त्यात नावाच्या आधीच ४३ खुणा गेलेल्या असतात. पुढे राजगड म्हणजे र, काना, ज, ग, ड असे पाच, त्यांच्या ४५. झाल्या ८८. टर्मिनलची रुंदी ८०. नावच पूर्ण बसत नाही तर शेपूट कुठून दिसणार, आणि हरिश्चंद्रगड असेल तर एकट्या नावाच्याच १०८. इंग्रजी विकीवर ही युक्ती बहुतेक वेळा चालते आणि आपल्याकडे आपटते. यावर तोडगा एवढाच की शेवटाकडे बघायचं नाही, सुरुवातीकडे बघायचं. पत्ता साध्या वाटेने सुरू झाला तर पान आहे, इंडेक्स डॉट पीएचपी दिसलं तर नाही. काकांनी काही दिवस तसं चालवलं पण त्यात प्रत्येक लिंकवर कर्सर न्यावा लागतोच, पानावर एक नजर टाकून चित्र मिळत नाही.

लिंक्समध्ये रंगशैलीची फाइल असते, तिच्यात टॅगला आणि क्लासला रंग नेमून देता येतो, त्यामुळे "न्यू" क्लासच्या लिंकेला लाल करणं शक्य आहे, फक्त तुमचा लिंक्स त्या सोयीसकट बनवलेला पाहिजे आणि टर्मिनल रंगीत पाहिजे. ईलिंक्स या दुसऱ्या टर्मिनल ब्राउझरला तर थोडंफार सीएसएस कळतंच, वापरकर्त्याची स्वतःची स्टाइलशीट देता येते. हे दोन्ही पर्याय ज्याला रंग चालतो त्याच्यासाठी ठीक आहेत. पण आम्ही त्या वाटेने गेलो नाही, कारण परत रंगच. मैत्रिणीचा प्रश्न तसाच राहिला असता, आणि काका पाने कधीकधी साध्या मजकुरात काढून खिशात ठेवायला प्रिंट करतात, त्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये कुठला रंग येणार.

ग्रुपमधल्या एका पोराने सुचवलं की सीएसएसनेच लिंकेच्या मागे चिन्ह चिकटवूया, आफ्टर लावून, दोन ओळींचं काम. स्क्रीन रीडरला ते चिन्ह ऐकू येईल हे खरं, पण लिंक्स आणि डब्ल्यूथ्रीएम सीएसएस बघतच नाहीत, म्हणजे ज्यांच्यासाठी चाललंय त्यांनाच मिळणार नाही. जावास्क्रिप्टचं तेच. एकूण काय, चिन्ह एचटीएमएलमध्येच, लिंकेच्या मजकुरातच, सर्व्हरवरून यायला पाहिजे.

सर्व्हरवर

मीडियाविकीत यासाठी हुक (आपला कोड मध्ये अडकवायची जागा) आहे, १.२८ आवृत्तीपासून, एचटीएमएल-पेज-लिंक-रेंडरर-एन्ड असं लांबलचक नाव. प्रत्येक अंतर्गत लिंक तयार झाली की बाहेर पडायच्या आधी ती या हुकला दाखवली जाते आणि सोबत सांगितलं जातं की पान माहीत आहे की नाही. माहीत नसेल तर मजकुराच्या शेवटी आपलं चिन्ह जोडायचं, बास. लोकलसेटिंग्जच्या फाइलमध्ये चार-सहा ओळी. एकच जपायचं, लिंकेचा मजकूर तिथे कधी साधी स्ट्रिंग म्हणून येतो आणि कधी आधीच तयार एचटीएमएलच्या वेष्टनात, त्यामुळे डोळे झाकून पुढे चिन्ह जोडलं की काही पानं एररने पडतात. आधी दोन्हीचं एचटीएमएल करून घ्यायचं आणि मग जोडायचं.

कोड लिहायला वेळ लागला नाही. चिन्ह कुठलं यावर मात्र ग्रुपवर रात्रभर वाद झाला.

परंपरेने प्रश्नचिन्ह. पीएमविकी या दुसऱ्या विकी-सॉफ्टवेअरमध्ये आजही नसलेल्या पानाच्या नावामागे प्रश्नचिन्ह असतं, मोइनमोइनमध्ये सदस्याच्या सेटिंगमध्ये तो पर्याय होता, आणि इकिविकीत तर प्रश्नचिन्ह नावाच्या आधी येतं आणि फक्त तेवढंच लिंक असतं. टर्मिनलात हे सगळं झकास दिसतं. पण आमच्या पानावर टाकून बघितलं तर असं वाक्य तयार झालं: "गुंजवण्यातून चोर दरवाज्याने? वर आलं की पद्मावती तलाव लागतो, तिथून सुवेळा माचीवर? जायला वाट आहे." वाचणाऱ्याला वाटतं लिहिणाऱ्यालाच खात्री नाही, चोर दरवाज्याने की काय बुवा! आणि पाण्याच्या नोंदीत तर हे घातकच, कारण आम्ही खरोखर खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाकतो, "मार्चपर्यंत पाणी?" असं. तीच खूण दोन अर्थांनी चालणार नाही.

मराठीत हे जास्त बोचतं कारण आपली लिंक प्रत्ययासकट असते. मीडियाविकीला मराठीसाठी शिकवलेलं आहे की कंस संपल्यावर लगेच चिकटून देवनागरी आलं तर तेही लिंकेत धर. म्हणून आपण [[राजगड]]ावर असं लिहितो, एडिट बॉक्समध्ये तो काना बिचारा अधांतरी लोंबकळतो पण पानावर "राजगडावर" अशी अख्खी लिंक होते. पन्हाळ्याला ते जमत नाही, तिथे रूपच बदलतं, म्हणून [[पन्हाळा|पन्हाळ्यावर]] असं उभी रेघ टाकून लिहावं लागतं. दोन्हीकडे चिन्ह येतं ते प्रत्ययानंतर, आणि प्रत्ययानंतरचं प्रश्नचिन्ह म्हणजे सरळ सरळ प्रश्न. "पन्हाळ्यावर?" हो, पन्हाळ्यावर. पहिल्या विकीतली पानांची नावं इंग्रजी शब्द एकमेकांना जोडून, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल करून लिहायची, अशा घट्ट नावामागे प्रश्नचिन्ह आलं तर वाक्याचा भाग वाटत नाही. देवनागरीत कॅपिटलच नाही, त्यामुळे ती सोय आपल्याला कधी मिळालीच नसती.

मैत्रिणीने आणखी एक सांगितलं जे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्याकडे प्रश्नचिन्ह वेगळं वाचून दाखवलं जात नाही, नुसता आवाज वर जातो. म्हणजे तिला खूण कळणारच नाही, फक्त वाक्य विचारल्यासारखं वाटेल. आणि इकिविकीसारखं नुसतं प्रश्नचिन्ह लिंक केलं तर स्क्रीन रीडरमध्ये लिंकांची यादी काढल्यावर खाली खाली नुसती प्रश्नचिन्हं, कुठली कुठल्या पानाची काही पत्ता नाही. म्हणजे खूण लिंकेच्या आत, नावासोबतच पाहिजे.

मग तारा (*) सुचवला कोणी, तो तळटीपेसारखा वाटतो म्हणून बाद. "(पान नाही)" असे शब्दच लिहूया असा एक प्रस्ताव होता, मैत्रिणीला तो सगळ्यात आवडला, पण दहा-बारा लाल लिंकांच्या परिच्छेदात प्रत्येक शब्दामागे पान नाही, पान नाही, पान नाही, काकांनी दोन ओळी वाचून हात जोडले. शेवटी अधिक चिन्ह ठरलं. "चोर दरवाज्याने+ वर आलं की". आमच्या मजकुरात ते दुसऱ्या कशासाठी वापरत नाही, इथे भर घाला असा अर्थ आपसूक निघतो, आणि एनव्हीडीए ते वाचतो, प्लस म्हणेल की अधिक ते सेटिंगवर, पण म्हणतो. शब्द आणि चिन्ह यांच्यात जागा सोडली नाही, नाहीतर ओळ तुटते तिथे चिन्ह एकटंच पुढच्या ओळीत जाऊन बसतं. चिन्ह वर चढवून बारीक करायचा मोह झाला होता, पण लिंक्स वरच्या अक्षराआधी स्वतःचं एक टोपी चिन्ह (^) घालतो, विकिपीडियाचे संदर्भ-आकडे त्यात कसे दिसतात ते बघा, त्यामुळे दोन दोन चिन्हं झाली असती. साधंच ठेवलं.

एक फायदा न मागता मिळाला. टर्मिनलात देवनागरीची रुंदी हा जुना रडगाण्याचा विषय आहे. काना, वेलांटी यांना टर्मिनल एक घर देतं, उकार आणि मात्रेला शून्य, जोडाक्षर फॉन्ट वेगळंच काढतो, आणि मग ब्राउझरला वाटतं लिंक इथे संपली आणि डोळ्याला दिसतं की उजळलेली पट्टी एक-दोन घरं मागे किंवा पुढे गेलीये. कधी शेवटचं अक्षर पट्टीबाहेर, कधी पुढच्या शब्दाचं डोकं पट्टीत. आता निदान नसलेल्या पानाच्या लिंकेचा शेवट अधिक चिन्हाने ठरतो. काका लिंकांना आकडे दाखवायचं सेटिंगही चालू ठेवतात, त्यामुळे सुरुवातीला कंसात आकडा आणि शेवटी अधिक, मधलं कितीही वेडंवाकडं दिसलं तरी कळतं.

लपवायचं की नाही

ग्राफिकवाल्यांनी लगेच तक्रार केली की आम्हाला लाल दिसतंय, वर हे अधिक कशाला. तांत्रिकदृष्ट्या लपवणं सोपं आहे, चिन्ह स्वतंत्र स्पॅनमध्ये ठेवायचं आणि सीएसएसने अदृश्य करायचं. सीएसएस न कळणाऱ्या ब्राउझरात ते दिसत राहणार, म्हणजे टर्मिनलच्या अडाणीपणाचाच उपयोग. मात्र डिस्प्ले नन लावायचं नाही, त्याने स्क्रीन रीडरपासूनही लपतं. त्याऐवजी एका पिक्सेलच्या चौकटीत कापून टाकायची जी पद्धत आहे ती वापरायची, ईलिंक्सला ते कापणं कळत नाही म्हणून तिथेही चिन्ह दिसतं. शिवाय निवडून कॉपी होणार नाही अशीही सोय करावी लागते, नाहीतर कोणी परिच्छेद व्हॉट्सॲपवर चिकटवला की न दिसणारी अधिक चिन्हं तिथे टपाटप उगवतात.

हे सगळं करून ठेवलं आणि शेवटी वापरलं नाही. माझंच मत पडलं की लपवू नका. ज्यांना लाल नीट दिसत नाही ते लोक फायरफॉक्स आणि क्रोमच वापरतात की, ते टर्मिनलात नसतात, आणि प्रिंट तर सगळेच काढतात. ज्याला फारच खुपतं त्याने स्वतःच्या सदस्य-सीएसएसमध्ये एक ओळ टाकून घ्यावी, ज्याला दिसतं त्याच्याकडे तो पर्याय आहेच. दोघांनी टाकली, बाकीचे आठवडाभर कुरकुरले आणि विसरले.

नंतर निघालेल्या भानगडी

पहिली, अलीकडील बदल. हुक सगळ्याच अंतर्गत लिंकांना लागतो, नुसत्या लेखांना नाही. त्यामुळे ज्याचं सदस्यपान नाही त्याच्या नावापुढे अधिक, त्याच्या चर्चापानापुढे अधिक, प्रत्येक ओळीत दोन दोन. आमच्याकडे सदस्यपान कोणीच बनवत नाही, म्हणजे अख्खं पान अधिकचं शेत. हुकमध्ये लिंकेचं नामविश्व (लेख, सदस्य, चर्चा असे पानांचे गट) तपासून फक्त लेखांच्या नामविश्वाला चिन्ह लावलं, मिटलं.

दुसरी भानगड जास्त फसवी. काका एका रविवारी येऊन पान लिहायचे आणि राजगडाच्या पानावर बघायचे तर अधिक तसंच. मीडियाविकी तयार झालेलं पान कॅशमध्ये ठेवतो आणि तेच परत परत दाखवतो. नवीन पान बनलं की त्याला लिंक देणारी जुनी पानं ताजी करायचं काम रांगेत टाकलं जातं, आणि रांग डीफॉल्टने पुढे सरकते ती कोणी साइट उघडली की. विकिपीडियासारख्या गर्दीच्या ठिकाणी हे कळतही नाही, आमच्याकडे मंगळवारी दुपारी कोण येतंय. लाल रंगाच्या बाबतीतही हे होतच असणार, पण कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, अधिक चिन्ह मात्र डोळ्यात भरतं. उपाय नेहमीचा, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) रांग चालवणारी स्क्रिप्ट थोड्या थोड्या वेळाने चालवायची. आणि मधल्या वेळात कोणी त्या अधिकवाल्या लिंकवर गेलं तरी रेडलिंकचं ते शेपूट त्याला बरोबर पानावर पोचवतं.

शोधाची भीती वाटली होती की "राजगडावर+" असं इंडेक्समध्ये जाईल. तसं होत नाही, मीडियाविकीचा सोबत येणारा साधा शोध विकिमजकुरावर चालतो आणि विकिमजकुरात चिन्ह नाहीच, ते फक्त दाखवताना येतं.

विकिपीडियाचं काय

हे सगळं आपल्या हातातल्या विकीला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला आणि तिथे लाल लिंका भरपूर, विशेषतः तळाच्या मार्गक्रमण साच्यांमध्ये, एखाद्या तालुक्याच्या गावांचा साचा उघडला की निम्मा लाल असू शकतो. तिथल्या सर्व्हरवर आपला हुक चालत नाही आणि सदस्याची जावास्क्रिप्ट टर्मिनलात चालत नाही. काकांसाठी तिथे वेगळी छोटी सोय केली. कर्ल या कमांडने पान आणायचं, सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडमधून काढायचं आणि डब्ल्यूथ्रीएमला द्यायचं. सेडला एवढंच सांगायचं की क्लास "न्यू" दिसला की तो टॅग संपेपर्यंत जा, तिथून पुढचा टॅग सुरू होईपर्यंतचा मजकूर घे आणि त्याच्या मागे अधिक लाव. लिंकेत मध्येच तिरपा टाइप असेल तर चिन्ह जरा आधी पडतं, तेवढं चालवून घ्यायचं. पण असं नळीतून दिलेलं पान कुठून आलं हे ब्राउझरला माहीत नसतं, त्यामुळे आतल्या लिंका विकिपीडियाऐवजी स्वतःच्याच डिस्कवर पान शोधायला जातात. म्हणून त्याच सेडमध्ये हेड टॅगच्या लगेच पुढे बेस टॅग (लिंका कुठल्या पत्त्यापासून धरायच्या ते सांगणारा) घुसवायचा. त्यानंतर लिंका बरोबर जातात, फक्त पुढचं पान परत बिनचिन्हाचं येतं, कारण ते नळीतून आलेलं नसतं. काकांनी बॅशमध्ये याला "गड" असं नाव दिलंय, गड टाइप करून पुढे पानाचं नाव लिहिलं की पान चिन्हांसकट उघडतं, आणि तेवढं त्यांना पुरतं, कारण त्यांना विकिपीडियावर भटकायचं नसतं, शुक्रवारी रात्री एकाच गडाचं पान बघायचं असतं.